पंपाच्या बॉडीतले आटे जातात, बोल्ट तुटतात: जादा आवळणे हत्यारातच कसे थांबवायचे?

प्रश्न थोडक्यात असा: शिरोली एमआयडीसीत मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असलेले) पंप जुळणीचे छोटे युनिट आहे. चार फिटर, दिवसाला साधारण वीस पंप. पंपाची बॉडी बिडाची, मोटरची ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियममधले एम ६ चे (६ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टचे) आटे वारंवार जातात, एम १० चे बोल्ट अधूनमधून तुटतात आणि इतके गच्च आवळूनही गॅस्केटमधून पाणी झिरपते. आवळायला न्युमॅटिक इम्पॅक्ट गन (हवेवर चालणारी, ठोके देत आवळणारी) आहे. उपाय म्हणून २८ ते २१० न्यूटन मीटरची एक टॉर्क रेंच (टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, न्यूटन मीटर हे त्याचे एकक) आणली, फरक पडला नाही. पोरांना "बेताने आवळा" असे सांगून दमलो. आता काय करायचे?

उत्तर:

"बेताने आवळा" ही सूचना पाळता येण्यासारखी नाही, म्हणून ती पाळली जात नाही. यात पोरांचा दोष फार थोडा आहे. हाताला जाणवतो तो आट्यांतला आणि बोल्टच्या डोक्याखालचा घासण्याचा विरोध. बोल्ट आतून किती ताणला गेला, हे हाताला समजतच नाही. त्यामुळे मर्यादा हत्यारात असली पाहिजे, आणि ते हत्यार नुसते "झाले" असे सांगून थांबणारे नको, पुढे ताकद जाऊच न देणारे हवे. या दोन प्रकारच्या हत्यारांतला फरक खाली सविस्तर सांगतो, कारण तुमच्या रेंचने फरक का पडला नाही याचे अर्धे उत्तर तिथे आहे. उरलेले अर्धे तिच्या रेंजमध्ये आहे. २८ पासून सुरू होणाऱ्या रेंचने एम ६ आणि एम ८ आवळताच येत नाहीत, आणि एम १० साठीही ती आपल्या पट्टीच्या अगदी तळाशी चालते.

आधी आकडे पाहू. ते एकदा नीट समजले की पुढचे निर्णय सोपे होतात.

बोल्ट म्हणजे एक कडक स्प्रिंग. आवळल्यावर तो किंचित ताणतो, आणि त्या ताणामुळे दोन भाग एकमेकांवर दाबून बसतात. आपल्याला हवा असतो तो हा ताण. टॉर्क हे फक्त तिथवर पोचायचे साधन. तुम्ही लावलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा भाग डोक्याखालच्या घर्षणात जातो, आणखी ४० टक्के आट्यांच्या घर्षणात. ताणासाठी उरतो तो जेमतेम १० टक्के. म्हणजे घर्षण थोडे जरी बदलले तरी त्याच टॉर्कवर ताण बराच बदलतो.

हिशोबाचे सूत्र साधे आहे: टॉर्क = के × व्यास × ताण. 'के' हा घर्षणाचा गुणांक. कोरड्या साध्या बोल्टला तो साधारण ०.२०, हलके तेल लागलेल्याला ०.१५, मॉलिब्डेनमची पेस्ट लावलेल्याला ०.१२ च्या आसपास. आता ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे बोल्टच्या ताकदीची खूण) एम १० घ्या. त्याचे ताण घेणारे क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर, प्रूफ लोड (कायमचा लांब न होता बोल्ट पेलतो तो ताण) साधारण ३३.६ किलोन्यूटन आणि तुटण्याचा लोड ४६ किलोन्यूटन. प्रूफ लोडच्या ७५ टक्के, म्हणजे २५ किलोन्यूटन ताण देणे ठीक. कोरड्या बोल्टला त्यासाठी ५० न्यूटन मीटर लागतात. तेच ५० न्यूटन मीटर तेलकट बोल्टला दिले तर ताण ३३ किलोन्यूटन होतो, म्हणजे बोल्ट प्रूफ लोडला टेकला. पेस्ट लावलेल्या बोल्टला दिले तर ४२ किलोन्यूटन. त्यात पिळाचा ताणही मिसळतो, आणि बोल्ट कायमचा लांब होतो किंवा तिथेच मोडतो. रेंच तीच, आकडा तोच, माणूस तोच; बदलले फक्त तेल.

तुमच्याकडे हे रोज घडत असणार. व्हीएमसीवरून (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवरून) आलेल्या कास्टिंगच्या टॅप केलेल्या, म्हणजे आटे पाडलेल्या, भोकांत कूलंटचा थर असतो. धुऊन, हवा मारून आलेल्या कास्टिंगमध्ये तो नसतो. पावसाळ्यात उघड्या ट्रेमध्ये पडलेल्या काळ्या बोल्टांवर दोन आठवड्यांत गंजाची पूड येते आणि घर्षण वाढते. मग काही बोल्ट त्याच टॉर्कवर सैल राहतात आणि काही तुटतात. म्हणून पहिला नियम: कोरडा की तेलकट, एकच स्थिती ठरवा आणि ती कायम ठेवा. माझ्या मते तेलकट ठरवणे सोयीचे. भोके हवेने साफ करायची आणि बोल्टच्या आट्यांवर व डोक्याखाली मशीन ऑइलचा हलका हात. सगळे बोल्ट पूर्ण कोरडे ठेवणे कूलंटच्या शॉपमध्ये जमत नाही.

८.८ ग्रेडच्या बोल्टांसाठी, समोर पोलाद किंवा पुरेशा खोलीचे बीड असेल तर, याच हिशोबाने येणारे आकडे असे. एम ६ कोरडा १०, तेलकट ८. एम ८ कोरडा २५, तेलकट १९. एम १० कोरडा ५०, तेलकट ३८. एम १२ कोरडा ८८, तेलकट ६६. एम १६ कोरडा २१८, तेलकट १६४. सगळे न्यूटन मीटरमध्ये. पंपाच्या किंवा भागाच्या ड्रॉइंगवर वेगळा आकडा असेल तर ड्रॉइंगचा पाळा.

आता हाताच्या अंदाजाचे काय होते ते पाहा. माणूस पाना ओढतो तेव्हा पाना लहान असो की मोठा, सवयीने साधारण सारख्याच जोराने ओढतो. २० किलो धरू. दहा नंबरच्या रिंग पान्यावर तळहात मध्यापासून १५० मिलिमीटरवर येतो, म्हणजे एम ६ वर २९ न्यूटन मीटर पडले. हवे होते ८. सतरा नंबरच्या पान्यावर हात २०० मिलिमीटरवर, म्हणजे एम १० वर ३९. हवे होते ३८, योगायोगाने बरोबर. चोवीस नंबरच्या पान्यावर हात ३०० मिलिमीटरवर, म्हणजे एम १६ वर ५९. हवे होते १६४. एकाच हाताने लहान बोल्ट साडेतीनपट आवळला जातो आणि मोठा एक तृतीयांशावर राहतो. तुमच्याकडे एम ६ चे आटे का जातात, याचे हे सर्वात सरळ कारण आहे. ८ न्यूटन मीटरसाठी त्या पान्यावर साडेपाच किलोचा जोर पुरतो. ती मनगटाची ओढ आहे, दंडाची नाही.

तुटण्याआधी या चार गोष्टी तपासा

टॉर्कची साधने आणण्याआधी हे बघा, नाहीतर महाग हत्यार घेऊनही बोल्ट तुटतच राहतील.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिले आहे का? सुट्ट्या खरेदीत बिनखुणेचे बोल्ट मिसळून येतात आणि ते बहुधा ४.६ ग्रेडच्या ताकदीचे असतात. ४.६ चा एम १० तुटतो साधारण २३ किलोन्यूटनला. ३८ न्यूटन मीटरवर तेलकट बोल्टमध्ये २५ किलोन्यूटन ताण येतो. म्हणजे टॉर्क अचूक लावूनही तो तुटणारच. तुटलेला बोल्ट फेकू नका, त्याचे डोके आधी बघा.

बंद भोकाची खोली आणि बोल्टची लांबी. भोकात बिडाची भुकटी साचली किंवा बोल्ट दोन मिलिमीटर लांब निघाला तर तो तळाला टेकतो. रेंच टिक करते, आकडा बरोबर येतो, पण भाग दाबलेच जात नाहीत. "गच्च आवळूनही झिरपते" या तक्रारीत निम्म्या वेळा हेच निघते. भोकात तेल किंवा कूलंट भरलेले असेल तर आणखी वाईट: बोल्ट पिस्टनसारखा ते दाबतो आणि बिडाच्या बॉसला (भोकाभोवतीच्या जाड उंचवट्याला) तडा जातो. म्हणूनच वर तेलाचा "हलका हात" म्हटले. बोल्टच्या टोकाखाली किमान तीन-चार आट्यांची जागा मोकळी राहिली पाहिजे.

आट्यांची पकड. पोलादात बोल्टच्या व्यासाइतकी खोली पुरते, बिडात सव्वा ते दीडपट लागते, ॲल्युमिनियममध्ये दीड ते दोनपट. एम ६ साठी ॲल्युमिनियममध्ये ९ ते १२ मिलिमीटर पूर्ण आटे हवेत. ६ मिलिमीटरच असतील तर कुठलीही रेंच ते आटे वाचवू शकत नाही. बोल्ट लांब घ्या किंवा कॉइल इन्सर्ट (भोकात बसणारी, तारेच्या आट्यांची गुंडाळी) बसवा. टॅप झिजला असेल, ड्रिल मोठे पडले असेल, तरी हेच होते. एम ६ साठी ड्रिल ५ मिलिमीटरचे. टॅप सोपा जावा म्हणून ५.५ चे मारले तर आट्यांची अर्धी उंची तिथेच गेली.

गॅस्केट. फ्लँज (बोल्ट बसतात ती सपाट कड) पातळ असताना बोल्ट जादा आवळले की बोल्टांपाशी फ्लँज खाली दबतो आणि दोन बोल्टांच्या मध्ये किंचित कमानीसारखा उचलला जातो. पाणी तिथूनच येते. ते पाहून फिटर आणखी आवळतो आणि कमान वाढते. सरळपट्टी फ्लँजवर ठेवून मधून ०.०५ मिलिमीटरचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जातो का बघा. जात असेल तर तो फ्लँज पूर्वीच वाकला आहे आणि फेसिंग केल्याशिवाय, म्हणजे मशीनवर सपाट केल्याशिवाय, गळती थांबणार नाही.

सांगणारे हत्यार आणि सोडून देणारे हत्यार

तुम्ही आणलेली रेंच क्लिक प्रकारची असणार. तिच्या नळीत स्प्रिंग असते आणि स्प्रिंगच्या तोंडाशी एक छोटा ठोकळा. ठरवलेल्या टॉर्कला तो ठोकळा कलंडतो, हँडल दोन-तीन अंश सैल झाल्यासारखे वाटते आणि टिक असा आवाज येतो. त्या दोन-तीन अंशांनंतर आतली दांडी नळीला टेकते आणि रेंच साधा लांब पाना होते. गन चालू असलेल्या, कॉम्प्रेसरच्या आवाजातल्या शॉपमध्ये ती टिक ऐकू येत नाही. ऐकू आली तरी खात्री म्हणून दुसरी टिक घेणारे फिटर बहुसंख्य आहेत, आणि दुसऱ्या टिकला बोल्ट ठरवल्यापेक्षा पुढे गेलेला असतो. ही रेंच मर्यादा घालत नाही, मर्यादा आल्याची खबर देते. सावकाश, एकट्याने, लक्ष देऊन काम करणाऱ्यासाठी ती उत्तम आहे. दिवसाला दोनशे बोल्ट आवळणाऱ्या जुळणीच्या टेबलावर एम ६ आणि एम ८ साठी ती चुकीची निवड आहे.

दुसरा प्रकार स्लिप होणारा. यात स्प्रिंगने दाबलेल्या रोलर किंवा कॅमच्या जोडीतून ताकद जाते. ठरवलेला टॉर्क आला की कॅम घसरून पुढच्या खाचेत जातो, बोल्ट थांबतो, हँडल फिरत राहते. आणखी ओढले तर पुन्हा घसरते. जास्त ताकदवान माणूसही त्यातून जादा टॉर्क घालू शकत नाही. टी हँडल, स्क्रू ड्रायव्हर आणि रेंच, तिन्ही रूपांत ही साधने मिळतात. त्यातही प्रीसेट घ्या, म्हणजे बाहेर पट्टी नसलेली, आकडा आतून बसवून बंद केलेली. पट्टी बाहेर असेल तर ती फिरते, कधी चुकून, कधी "हा सैल वाटतोय" म्हणून मुद्दाम. एक सूचना मात्र फिटरला द्यावी लागेल: एकदा घसरले की थांबायचे. झटक्याने दहा वेळा घसरवत राहिले तर प्रत्येक धक्क्याला बोल्ट केसभर पुढे सरकू शकतो.

आता इम्पॅक्ट गन. अर्धा इंची साधी गनही ५०० न्यूटन मीटरच्या वर सहज जाते, आणि तिच्यावरचे १-२-३ आकडे म्हणजे हवेची चावी, टॉर्क नव्हे. एम ६, एम ८ आणि एम १० च्या शेवटच्या आवळणीसाठी ती टेबलावरून काढून टाका. बोल्ट पळवायला, म्हणजे डोके टेकेपर्यंत उतरवायला, छोटा एअर रॅचेट पुरतो.

टायरच्या दुकानांत गनला लावतात त्या रंगीत टॉर्शन बार तुम्हाला कुणी सुचवेल. त्या स्प्रिंगसारख्या पिळून गनचे ठोके जिरवतात, पण गनची ताकद, हवेचा दाब आणि चाप किती वेळ दाबला यावर त्यांचा टॉर्क अवलंबून असतो. चाकाचे नट आधी त्यांनी आणून शेवटी रेंचने पूर्ण करायला त्या ठीक आहेत. पंपाच्या गॅस्केटला चालणार नाहीत.

संख्या वाढली तर हवेवरचा शट-ऑफ क्लच असलेला स्क्रू ड्रायव्हर घ्या. टॉर्क आला की तो हवाच बंद करतो, त्यामुळे चाप दाबून धरला तरी काही होत नाही. 'स्टॉल' प्रकारचा मात्र घेऊ नका. तो फक्त ताकद संपली म्हणून थांबतो, आणि लाइनचा दाब ५ वरून ६.५ बारवर गेला की टॉर्कही तसाच चढतो. कुठलाही घेतला तरी त्याच्यासाठी स्वतंत्र रेग्युलेटर बसवा आणि दाब टूल चालू असताना पाहा. बंद असताना दिसणारा दाब फसवा असतो.

बॅटरी ड्रिलच्या कॉलरवरचे १ ते २० हे न्यूटन मीटर नव्हेत, नुसत्या पायऱ्या आहेत. कव्हरच्या बारीक स्क्रूंसाठी हा क्लच कामाचा आहे: सर्वात खालच्या आकड्यापासून सुरू करा, कमी वेगावर, आणि स्क्रू जेमतेम बसतो तिथे थांबा. कॉलर ड्रिलच्या चित्रावर गेली की क्लच बाद होतो, हे लक्षात ठेवा. आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरला असा क्लच नसतोच, तो दिसायला सारखा असला तरी.

तुमच्या टेबलांवर काय हवे

ॲल्युमिनियममधले एम ६: प्रीसेट स्लिप टी हँडल. आकडा पुस्तकातून घेऊ नका, स्वतः काढा. भंगारात गेलेल्या पाच-सहा बॉडी घ्या, ज्यांची भोके चांगली आहेत अशा. तुमचाच बोल्ट, तुमचाच वायसर, तेलाचा तोच हात. डायल रेंचने (टॉर्क काट्यावर दाखवणाऱ्या) सावकाश आवळत आटे जाईपर्यंत न्या आणि दर वेळी सर्वात वरचा आकडा लिहा. बोल्ट सुटत असताना आटे भुकटीसारखे बाहेर येतात की सर्पिल तारेसारखे, तेही बघा. तारेसारखे अख्खे निघाले तर मूळ धातू कापला गेला आहे, म्हणजे पकड कमी आहे किंवा ड्रिल मोठे. वीस-पंचवीस भोके झाली की सर्वात कमी आलेला आकडा घ्या, सरासरी घेऊ नका. त्याच्या ६० टक्क्यांच्या वर हत्यार बसवायचे नाही. सर्वात कमी आकडा ११ आला तर हत्यार ६.५ वर. या कामाला एक दुपार जाते, पण जुळणीच्या लाइनवर याहून उपयोगी दुपार नाही.

बिडाच्या व्हॉल्यूटवरचे (पंपाच्या शंखाकार बॉडीवरचे) एम ८ आणि एम १०: दोन प्रीसेट रेंच, एक १९ ला, एक ३८ ला, वेगळ्या रंगांची इन्सुलेशन टेप गुंडाळून. त्याच रंगाचा ठिपका ट्रेवर. आधी सगळे बोल्ट हाताने तीन-चार आटे लावायचे. पहिल्या आट्यापासून हवेचे टूल लावले की तिरपा बसलेला बोल्ट कळत नाही. मग टेकेपर्यंत रॅचेट. मग समोरासमोरच्या क्रमाने दोन फेऱ्या: पहिली साधारण निम्म्या टॉर्कला, दुसरी पूर्ण. शेवटी गोल फिरून सगळ्यांवर एक तपासणी. कागदी गॅस्केट असेल तर ते दबून ताण उतरतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी, पाण्याची टेस्ट घेण्याआधी, त्याच रेंचने पुन्हा एक फेरी. टेस्टच्या दाबाखाली गळती दिसली म्हणून तिथल्या तिथे पान्याने आवळायची सवय मोडा. दाब उतरवा, पंप उघडा आणि कारण शोधा.

फाउंडेशनचे एम १२: तुमची सध्याची रेंच इथे योग्य, ६६ हा आकडा तिच्या पट्टीत चांगला बसतो. क्लिक रेंच शक्यतो पूर्ण रेंजच्या २० टक्क्यांच्या खाली वापरू नये, म्हणजे २१० वालीला ४२ च्या खाली नाही.

टर्मिनल बॉक्स: प्रश्नात याचा उल्लेख नाही, पण पितळी स्टड पिळवटण्याची तक्रार पंपाच्या लाइनवर हमखास असते. टर्मिनल बोर्डाच्या स्टडला एम ४ साठी १.२, एम ५ साठी २ आणि एम ६ साठी ३ न्यूटन मीटर, एवढेच. प्रीसेट नट ड्रायव्हर घ्या आणि वरचा नट फिरवताना खालचा दुसऱ्या पान्याने धरा.

नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) असेल तर तो टेकण्याआधीच फिरायला जो टॉर्क लागतो तो मोजून ठरलेल्या आकड्यात मिळवा. इंपेलरचा (पाणी ढकलणाऱ्या पंख्याचा) नट उलट्या आट्याचा असेल तर रेंच डाव्या दिशेलाही मर्यादा घालते का ते घेण्यापूर्वी विचारा. बऱ्याच क्लिक रेंच उजवीकडेच टिक करतात. स्टेनलेसचे नट-बोल्ट हवेच्या टूलने कधीही पळवू नका. वेगाने ते आपसात चिकटून जाम होतात, टॉर्क पूर्ण दिसतो आणि ताण शून्य असतो. अँटी-सीझ (जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, हाताने फिरवा, आणि आकडा पेस्टच्या घर्षणाप्रमाणे कमी करा.

मशीन शॉपमध्येही हाच विचार लागू आहे. कटिंग टूलच्या इन्सर्टचा (बदलता येणाऱ्या पात्याचा) टी १५ स्क्रू ३ न्यूटन मीटरच्या आसपास आणि टी ८ साधारण १.२ ला आवळायचा असतो. लांब की लावून तो दुपटीने आवळला जातो, स्क्रूचे डोके मोकळे होते, पुढच्या वेळी इन्सर्ट निघत नाही. प्रीसेट टॉर्क की याच कामासाठी मिळते. फिक्स्चरवर पातळ रिंग जोरात क्लॅम्प केली तर बोअर मशीनवर गोल मिळतो आणि क्लॅम्प सोडल्यावर लंबगोल होतो; तिथेही क्लॅम्पचा टॉर्क ठरवून लिहून ठेवा.

वापरातल्या चुका

पट्टी वाचताना एकक बघा. बऱ्याच रेंचवर फूट-पाउंड आणि न्यूटन मीटर शेजारी शेजारी असतात. ३८ फूट-पाउंड म्हणजे साडेएक्कावन्न न्यूटन मीटर. जुन्या मॅन्युअलमधला "किलो" म्हणजे किलोग्रॅम-मीटर, त्याला ९.८ ने गुणायचे.

रेंच हँडलवरच्या खुणेवर, मुठीच्या मध्यावर धरायची. पाइप लावायचा नाही. व्हॉल्यूटच्या गळ्याशी सॉकेट जात नाही म्हणून क्रो-फूट (रेंचच्या टोकाला लावायचा उघड्या तोंडाचा पाना) लावला आणि तो रेंचच्या सरळ रेषेत असेल तर लांबी वाढते आणि बोल्टला जादा टॉर्क मिळतो. तेव्हा सेटिंग कमी करा: हवा तो टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंच अधिक क्रो-फूटची लांबी. रेंच ३४० मिलिमीटर, क्रो-फूट ४०, हवे ३८, तर सेटिंग ३४. क्रो-फूट काटकोनात लावला तर सेटिंग बदलावे लागत नाही, म्हणून जागा असेल तिथे काटकोनातच लावा.

टॉर्क रेंचने जाम बोल्ट सोडवायचा नाही. ती खाली पडली तर तपासल्याशिवाय परत टेबलावर ठेवायची नाही. पट्टीची रेंच संध्याकाळी सर्वात कमी आकड्यावर आणून ठेवायची, त्याच्याही खाली पूर्ण सैल करायची नाही. सकाळी पहिल्यांदा वापरताना चार-पाच टिक फुकट घ्या, म्हणजे आतले ग्रीस पसरते.

कॅलिब्रेशनचा (हत्याराची अचूकता तपासून घेण्याचा) सर्वसाधारण नियम बारा महिने किंवा ५००० वेळा, जे आधी येईल ते. लोक बारा महिने लक्षात ठेवतात. तुमच्या लाइनवर वीस पंप आणि पंपाला दहा बोल्ट धरले तर दिवसाला दोनशे, म्हणजे ५००० कामाच्या पंचवीस दिवसांत पूर्ण. वर्षाचे प्रमाणपत्र भिंतीवर असताना हत्यार दुसऱ्या महिन्यापासून विनातपासणी चालू असते. दर महिन्याला लॅबमध्ये पाठवणे परवडणारे नाही, म्हणून शॉपमध्येच दर सोमवारी एक तपासणी ठेवा.

तिला एक वाइस, बादली आणि पाणी लागते. रेंचचा चौकोनी ड्राइव्ह वाइसमध्ये पकडा, हँडल आडवे, उजव्या बाजूला, वजन खाली ओढताना ती घड्याळाच्या दिशेने आवळेल अशी. ड्राइव्हच्या मध्यापासून मुठीच्या खुणेपर्यंत अंतर मोजा. ३४० मिलिमीटर धरू. रेंचचे स्वतःचे वजनही टॉर्क देते: ती एक किलोची आणि तिचा तोल ड्राइव्हपासून १५० मिलिमीटरवर साधत असेल तर १.५ न्यूटन मीटर तिचेच झाले. रेंच ३० वर लावली असेल तर उरले २८.५. त्याला ९.८१ आणि ०.३४ ने भागले की ८.५ किलो. खुणेवर दोरीने बादली टांगा आणि त्यात सावकाश पाणी ओता, धार बारीक ठेवून, धक्का न देता. टिक झाली की थांबा आणि बादलीसकट पाणी वजनकाट्यावर ठेवा. ८.५ च्या जागी ८.२ ते ८.८ च्या आत आले तर हत्यार ठीक. १० न्यूटन मीटरच्या वरच्या हँड टूलला चार टक्क्यांचा फरक मान्य असतो. तीनदा करा. तिन्ही आकडे एकमेकांपासून लांब असतील तर सरासरी बरोबर आली तरी ते हत्यार बाजूला काढा, कारण आतला ठोकळा किंवा स्प्रिंग अडकतो आहे. आकडे वहीत तारखेसह लिहा. चार सोमवार ते एकाच दिशेने सरकताना दिसले की लॅबमध्ये पाठवायची वेळ आली, मग वर्ष झालेले असो वा नसो.